संगणकातील ‘मदत’ जोडली जात नसेल तर काय करावे?

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचे संकलित रूप)



कृषिविद्या विभागाचा माणूस पीक सोडून संगणकावर बोलायला कसा उभा राहिला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांत, दूध संकलन केंद्रांवर, सोसायट्यांमध्ये आणि अनेक बागायतदारांच्या घरीही संगणक आला आहे. माती परीक्षणाचे आकडे, पेरणीच्या तारखा, फवारण्यांच्या नोंदी, मजुरी, मालाची पट्टी हे सर्व आपण त्यात ठेवू लागलो. त्यामुळे संगणक अडला की शेतीचे कामही अडते. अडचणीच्या वेळी विचारता यावे म्हणून संगणकातच ‘हेल्प’, म्हणजे मदतीची सोय दिलेली असते. पण कित्येकदा ही मदतच ‘इंटरनेटशी जोडणी होऊ शकत नाही’ असा संदेश देऊन थांबते. अशा वेळी घाबरून भलतेच काही करण्याऐवजी क्रमाने काय तपासावे, हे आज मी सांगणार आहे.

मदत असते कोठे?

कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीत डावीकडे एफ-१ नावाची कळ असते. ही कळ मदतीसाठी वापरण्याची पद्धत जुनी आहे. पूर्वीच्या संगणकांत मदतीचा सर्व मजकूर संगणकाच्या आतच साठवलेला असे. वीज असली म्हणजे पुरे, मदत उघडत असे. पुढे ही पद्धत बदलली. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून जुन्या प्रकारच्या मदत-फायली उघडणारा प्रोग्रॅम सोबत देणे बंद झाले. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून तर बहुतेक मदत इंटरनेटवरून येऊ लागली. आता डेस्कटॉपवर असताना एफ-१ दाबले की ब्राउझर उघडून इंटरनेटवर शोध सुरू होतो. ‘गेट हेल्प’ नावाचे अ‍ॅप इंटरनेटशिवाय उपयोगी पडत नाही. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत एफ-१ दाबल्यावर उजव्या बाजूस जो रकाना उघडतो, त्यातील मजकूरही बाहेरूनच येतो.

थोडक्यात, पूर्वी मदतीचे पाणी घरातल्या रांजणात होते. आता ते लांबच्या विहिरीवरून पाइपलाइनने येते. नळाला पाणी आले नाही म्हणून कोणी नळ फोडत नाही. आपण विहिरीपासून नळापर्यंत चालत जातो आणि पाणी कोठे अडले ते पाहतो. संगणकाच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे.

उणे ३४५८ दिवसांचे सोयाबीन

एक अनुभव सांगतो. २०२४ सालच्या जुलै महिन्याची २५ तारीख. एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात मी सोयाबीनच्या पीक संरक्षणाबाबत बोलायला गेलो होतो. तेथे संगणकाचे काम पाहणाऱ्या ताईंनी चांगला तक्ता तयार केला होता. सभासदाचे नाव, गट नंबर, पेरणीची तारीख आणि त्यापुढे पिकाचे आजचे वय. आजच्या तारखेतून पेरणीची तारीख वजा करण्याचे सूत्र घातलेले होते. वयानुसार सभासदांना फोनवर निरोप जात. पीक पस्तीस दिवसांचे झाले की चक्रीभुंगा, उंटअळी व पाने खाणाऱ्या इतर अळ्यांची पाहणी करा, असा त्या दिवशीचा निरोप जायचा होता. या अवस्थेत चार-आठ दिवस दुर्लक्ष झाले तर पुढे नुकसान वाढते, हे आपण जाणताच.

त्या दिवशी तक्त्यात २० जूनला पेरलेल्या सोयाबीनचे वय उणे ३४५८ दिवस दिसत होते! ताई म्हणाल्या, “सर, सूत्र बिघडलंय. एफ-१ दाबून विचारावं म्हटलं, तर तेही जोडत नाही.” त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला होता. त्याने न पाहताच सांगितले, “विंडोज खराब झालंय. आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.”

‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकताच मी त्यांना थांबवले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याही संगणकात असाच बिघाड झाला होता. घाईत होतो, मी ‘करा’ म्हणालो. संगणक सुरू झाला, पण एका प्रक्षेत्र प्रयोगाच्या तीन हंगामांच्या नोंदी गेल्या. फुटवे, उंची, दाण्यांचे वजन, सगळे. शेतात लिहिलेली मळकी वही कपाटात होती म्हणून काही आकडे परत मिळाले, बाकीचे नाही मिळाले ते नाहीच. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. गेलेल्या हंगामाच्या नोंदी पुन्हा घेता येत नाहीत. त्या कंपनीच्या संगणकातही सभासदांच्या चार हंगामांच्या नोंदी होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

म्हणून आधी आम्ही सर्व फायली एका पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग मी शोध सुरू केला आणि, कबूल करतो, चुकीच्या ठिकाणी सुरू केला. राउटर बंद करून चालू केला. फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहिले. एकदोन सेटिंग्ज बदलल्या. तास गेला, पण फरक पडला नाही. तेवढ्यात खताच्या पावतीसाठी बसलेले एक वयस्कर शेतकरी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “सर, बाहेर पाऊस चालू आहे आणि इथं एक जानेवारी कशी काय?”

पाहतो तर खरेच, उजवीकडे खाली तारीख होती १ जानेवारी २०१५. संगणकाच्या मते ते सोयाबीन पेरायला अजून साडेनऊ वर्षे होती. म्हणून वय उणे आले. आणि मदत जोडली जात नव्हती तीही याच तारखेमुळे.

तारखेचा आणि मदतीचा काय संबंध?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. तिच्यावर परीक्षणाची तारीख आणि वैधतेची मुदत छापलेली असते. आपण घरच्या दिनदर्शिकेशी ती ताडून पाहतो आणि मगच पिशवी घेतो. सुरक्षित संकेतस्थळांनाही असेच एक प्रमाणपत्र असते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हे त्यात नोंदलेले असते. संगणक स्वतःच्या घड्याळाशी ती तारीख ताडतो. घड्याळच २०१५ सालात असेल, तर २०२४ सालचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले, म्हणजे अग्राह्य वाटते. तो जोडणी नाकारतो. ब्राउझर निदान ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ अशा अर्थाची सूचना देतो. मदतीचा रकाना मात्र बहुधा फक्त ‘जोडणी होत नाही’ एवढेच म्हणतो. त्यामुळे दोष इंटरनेटचा आहे असे आपण समजतो.

आता घड्याळ मागे का गेले? संगणकाच्या मुख्य पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढी ३ व्होल्टची एक चपटी बॅटरी असते. वीजपुरवठा पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम ती करते. काही वर्षांनी ती संपते. रोज संध्याकाळी भिंतीवरचे बटण बंद केले किंवा रात्री वीज गेली, की सकाळी संगणक कोणत्यातरी जुन्या तारखेला उठतो. आपल्याकडे वीज वरचेवर जाते, त्यामुळे जुन्या डेस्कटॉप संगणकांत हा दोष नेहमी आढळतो.

क्रमाने तपासणी

पिवळे पान दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल तर नत्राची कमतरता, वरच्या कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या ठेवून असेल तर लोहाची, असे आधी ओळखतो. येथेही तसेच आहे. पुढील क्रम पाळावा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर मदत उघडून पाहावी. बदलाने फरक पडला नाही तर ती सेटिंग पूर्ववत करावी. काय बदलले ते वहीत लिहावे.

१) नोंदींची प्रत : सर्वप्रथम महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी प्रती असाव्यात.

२) संदेश लिहून घेणे : पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा फोनने त्याचे छायाचित्र काढावे. रोगट पान दाखवल्याशिवाय निदान होत नाही, तसेच संदेशाशिवाय दुसरा कोणी आपणांस मदत करू शकत नाही.

३) तारीख, वेळ आणि वर्ष : उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पाहावे. दिवस व महिना बरोबर असून वर्ष चुकलेले असू शकते, म्हणून वर्षही वाचावे. चूक असल्यास सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ व त्यात ‘डेट अँड टाइम’ उघडावे. भारताचा वेळविभाग, म्हणजे यूटीसी अधिक ५ तास ३० मिनिटे, निवडलेला असावा. घड्याळ फारच मागे असेल तर ते आपोआप सुधारेलच असे नाही. अशा वेळी आपोआप वेळ लावण्याची सोय थोडा वेळ बंद करावी, तारीख हाताने घालावी, सोय पुन्हा चालू करून ‘सिंक नाऊ’ दाबावे. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली तर बॅटरी संपली असे समजावे. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो आणि ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलण्यापूर्वी संगणकाची वीज पूर्ण तोडावी. सवय नसल्यास हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

४) इतर संकेतस्थळे उघडतात का? ब्राउझरमध्ये दोन वेगवेगळी संकेतस्थळे उघडून पाहावीत. एकही उघडत नसेल तर दोष जोडणीचा आहे. सगळी उघडत असतील आणि फक्त मदत उघडत नसेल तर दोष संगणकातील एखाद्या सेटिंगचा आहे. या एका चाचणीने निम्मे काम होते.

५) जोडणीचा दोष : कोपऱ्यात पृथ्वीगोलाचे चिन्ह दिसत असेल तर इंटरनेट पोहोचत नाही असे समजावे. रिचार्ज संपला आहे काय, केबल सैल आहे काय, ‘एअरप्लेन मोड’ चुकून चालू झाला आहे काय, हे पाहावे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. त्यानंतरही होत नसेल तर फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहावे. फोनवरून चालले तर संगणक ठीक असून दोष घरच्या लाईनमध्ये आहे. काही ठिकाणच्या वाय-फायवर आधी ब्राउझरमध्ये नाव व पासवर्ड द्यावा लागतो. तो दिल्याशिवाय वाय-फाय जोडलेले दिसूनही काहीच उघडत नाही.

६) प्रॉक्सी व व्हीपीएन : प्रॉक्सी म्हणजे इंटरनेटचे पाणी एखाद्या मधल्या हौदातून वळवून घेण्याची व्यवस्था. दुसऱ्या कार्यालयातून आलेल्या जुन्या संगणकात ही सेटिंग तशीच राहून जाते. हौद राहत नाही, वळण मात्र राहते. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ व त्यात ‘प्रॉक्सी’ येथे पाहावे. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू असेल आणि आपल्या संस्थेने तसे सांगितलेले नसेल तर ते बंद करावे. व्हीपीएन चालू असल्यास तेही बंद करून पाहावे.

७) प्रोग्रॅमची परवानगी : एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये इंटरनेटवरून मजकूर उतरवून घेण्याची परवानगी बंद केलेली असेल तर मदत येत नाही. ‘फाईल’, ‘अकाउंट’, ‘अकाउंट प्रायव्हसी’ आणि ‘मॅनेज सेटिंग्ज’ या क्रमाने जाऊन ऑनलाइन मजकुराची परवानगी चालू करावी. त्यानंतर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा.

८) ‘गेट हेल्प’ अ‍ॅपची दुरुस्ती : बाकी सर्व चालत असून फक्त हेच अ‍ॅप उघडत नसेल तर सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत ते शोधावे. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ते ‘सिस्टीम’खालील ‘सिस्टीम कंपोनंट्स’मध्ये सापडते. त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधी ‘रिपेअर’ दाबावे. उपयोग न झाल्यासच ‘रिसेट’ दाबावे. यामुळे त्या अ‍ॅपपुरताच बदल होतो, आपल्या नोंदींना धक्का लागत नाही. विंडोज संपूर्ण रिसेट करण्याचे बटण वेगळे असते. नावसाधर्म्यामुळे गल्लत होऊ देऊ नये.

९) जुन्या प्रोग्रॅमची मदत : काही जुन्या प्रोग्रॅमसोबत सीएचएम प्रकारची मदत-फाईल येते. ती संगणकातच असते आणि तिला इंटरनेट लागत नाही. अशी फाईल इंटरनेटवरून उतरवून घेतली असेल तर विषयांची यादी दिसते, पण मजकुराची जागा कोरी राहते. हा जोडणीचा दोष नव्हे. सुरक्षेसाठी विंडोजने ती फाईल अडवलेली असते. फाईल खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेली असल्यास तिच्यावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे व ‘अनब्लॉक’वर खूण करावी.

१०) विंडोजची आवृत्ती : विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. फार जुन्या संगणकात वरील सर्व दुवे ठीक असूनही मदत जोडली जाईलच असे नाही. तेथे वेळ न दवडता तोच प्रश्न फोनवरील ब्राउझरमध्ये शोधावा.

काय करू नये?

पहिली गोष्ट, नोंदींची प्रत घेतल्याशिवाय कोणालाही संगणक फॉरमॅट करू देऊ नये. दुरुस्तीचा तो पहिला उपाय नव्हे, सर्वांत शेवटचा आहे.

दुसरी गोष्ट, अँटिव्हायरस कायमचा बंद करून ठेवू नये. तपासणीपुरता थांबवला तर लगेच चालू करावा.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मदत जोडली जात नाही म्हटल्यावर अनेक जण फोनवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतात आणि मिळेल त्या क्रमांकावर बोलतात. अशा यादीत फसवणूक करणारे आपले क्रमांक पेरून ठेवतात. कधी संगणकाच्या पडद्यावरच मोठा इशारा झळकतो आणि खाली फोन क्रमांक दिलेला असतो. लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन क्रमांक कधीही नसतो. पलीकडचा माणूस गोड बोलून पडदा त्याला दिसेल असे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि मग बँकेचे खाते उघडायला सांगतो. संगणकाच्या दुरुस्तीसाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे मिळण्यासाठीही पिन घालावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठीच लागतो. उसाचे बिल किंवा कापसाची पट्टी नुकतीच खात्यावर जमा झालेली असते, अशा वेळी एका फोनने वर्षाची कमाई जाऊ शकते. असा प्रकार घडलाच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी व बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

तोपर्यंत काम थांबवू नये

मदत जोडली गेली नाही तरी शेतातली कामे थांबत नाहीत. म्हणून पेरणीच्या तारखा, वाण, खताची मात्रा व फवारण्या यांची एक साधी नोंदवही कागदावर असावीच. संगणक ही तिची दुसरी प्रत समजावी. नेहमी लागणाऱ्या चार-पाच सूत्रांची माहिती, इंटरनेट चालू असताना छापून कार्यालयात लावून ठेवावी. घरातील एमएससीआयटी झालेल्या मुला-मुलींना ही तपासणी एकदा समोर बसून करायला लावावी. आणि प्रश्न पिकाचा असेल तर संगणकाची वाट न पाहता किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

आता त्या दिवशी पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. ताईंनी तारीख २५ जुलै २०२४ केली. तक्त्यातला आकडा उणे ३४५८ वरून एकदम ३५ झाला. एफ-१ दाबले, मदतही उघडली. पण आता तिला विचारण्यासारखे काही उरले नव्हते. सूत्र पहिल्यापासून बरोबरच होते. दुपारपर्यंत सभासदांना पिकाची पाहणी करण्याचे निरोप गेले. ताईंनी नवी बॅटरी बसवून घेतली आणि दर शनिवारी नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घेण्याचे ठरवले.

ज्यांनी तारीख ओळखली, त्या शेतकरी दादांना संगणक चालवता येत नव्हता. पण रोज आभाळ, जमीन आणि पंचांग पाहणाऱ्या डोळ्यांना १ जानेवारी आणि पाऊस यांचा मेळ बसत नाही हे दिसले, जे मला तासभर दिसले नाही. आपल्याकडे हे निरीक्षण आहेच. संगणकासमोर बसतानाही ते बांधावर ठेवून येऊ नका, एवढीच विनंती.